गुडघ्याचं माप: होमिओपॅथी आणि इतर पर्यायी उपाय कसे आजमावायचे

गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, "माप जुनंच आहे, तेच धरा." टेप लावली की कमरेत दीड इंचाचा फरक निघतो. ३२ वर्षं शिवणकामात हे बघत आले, तरी स्वतःचा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी नेमकी तीच चूक केली. माप न घेताच कापड कापत सुटले.

माझी दुखणी दोन. उजवा गुडघा, मशीनच्या पॅडलचा. आणि उजव्या अंगठ्याचं मूळ, कातरीचं. पहिल्या वर्षी मी होमिओपॅथीच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल, एक चोळायचं तेल, ग्लुकोसामाइन आणि तांब्याचं कडं असं सगळं एकदमच सुरू केलं. दोन महिन्यांनी जरा बरं वाटलं. कशानं, ते आजतागायत माहीत नाही. मग पाचही चालू ठेवावं लागलं, कारण त्यातलं कोणतं सोडायचं तेच कळेना. कडं मात्र थोड्या दिवसांनी काढून टाकलं. ब्रिटनमध्ये आमवाताच्या ७० रुग्णांवर तांब्याच्या कड्यांची आणि चुंबकी पट्ट्यांची चाचणी झाली होती, २०१३ साली ती छापून आली. खोट्या, नुसत्या तशाच दिसणाऱ्या कड्यांपेक्षा खऱ्या कड्यांनी जास्त काही साधलं नाही.

त्यानंतर मी एक रीत बसवली. एका वेळी एकच उपाय, सहा ते आठ आठवडे, आधी माप आणि नंतर माप.

आधी दुखण्याचं नाव काढा

सांधे दुखतात म्हणजे नेमकं काय झालंय, हे डॉक्टरांकडून कळल्याशिवाय कुठलीच बाटली उघडू नका. मी उघडली होती, माझं नशीब बरं की निघाली ती साधी झीज. झिजेचा सांधा सकाळी आखडतो, पण साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि दिवसभराच्या वापरानं दुखतो. आमवातात, म्हणजे रुमॅटॉइडमध्ये, सकाळचं आखडणं तासभर, कधी त्याहूनही जास्त टिकतं आणि बोटांचे लहान सांधे दोन्ही हातांना एकदम धरतात. इथे वेळ घालवणं महागात पडतं, कारण सूज आतून सांधा खात असते आणि गेलेलं हाड परत येत नाही. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं हे खाणं मंदावतात किंवा थांबवतात. होमिओपॅथीच्या गोळ्या, तेलं, लेप हे थांबवू शकत नाहीत. आमवात असेल तर खाली लिहिलेलं सगळं जोडीला करा, बदली म्हणून नाही.

तिसरा प्रकार गाउटचा. रात्रीत अंगठा, बहुतेकदा पायाचा, लालबुंद होतो आणि त्यावर चादरसुद्धा सहन होत नाही. तिथे युरिक ॲसिडची तपासणी लागते.

आणि एक गोष्ट थांबण्यासारखी नाही. एकच सांधा अचानक सुजला, गरम झाला, हलवताच येईना आणि अंगात ताप आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर थोड्या दिवसांत कायमचं नुकसान होतं. पडल्यावर पायावर भार देता येत नसेल तरी हेच.

टेप, खुर्ची आणि वही

सुजेसाठी माझ्याकडे टेप होतीच. पाय सरळ पसरून बसायचं, मांडी सैल सोडायची, वाटीच्या बरोबर मधून टेप फिरवायची. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. शिवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही, पण माझ्या लेकीनं माझं माप घेतलं तेव्हा तिनं टेप अशी आवळली की सूज जागच्या जागी एक सेंटिमीटर बरी झाली. दोन्ही गुडघे मोजा, दर वेळी सकाळी त्याच सुमारास. पहिल्या दिवशी माझा उजवा ४१.५ सेंटिमीटर होता आणि डावा ३९.५. दोन्हीतला फरक हे खरं माप, कारण वजन कमीजास्त झालं तर दोन्ही गुडघे बदलतात.

ताकदीसाठी खुर्ची. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजायचं. पहिल्यांदा माझे सात झाले, आठव्याला मी खुर्चीचा हात धरला. फिजिओथेरपिस्टही हीच चाचणी घेतात. जिथे पडाल तिथे एकटीनं करू नका.

आणि वही. रोज रात्री शून्य ते दहामधला दुखण्याचा एक आकडा, आणि त्या दिवशी वेगळं काय केलं त्याची एक ओळ. ही ओळ आकड्याहून मोलाची निघते, ते पुढे येईलच.

नवा उपाय सुरू करण्याआधी आठवडाभर नुसती वही भरा. कारण सांधेदुखी भरती-ओहोटीसारखी असते आणि औषध आपण नेहमी भरतीच्या दिवशी सुरू करतो. ओहोटी त्यानंतर आपसूक येणारच असते. श्रेय मात्र बाटलीला जातं.

होमिओपॅथी

यावर दोन्हीकडची माणसं भांडतात, म्हणून बाटलीत काय असतं तिथपासून सुरुवात करते. सॅम्युएल हानेमान या जर्मन डॉक्टरनं १७९६ साली ही कल्पना मांडली: निरोगी माणसात जे लक्षण एखादा पदार्थ निर्माण करतो, तेच लक्षण असलेल्या रोग्याला तो पदार्थ अगदी थोडा द्यावा. थोडा म्हणजे किती, ते लेबलवरच्या आकड्यात असतं, त्याला पोटेन्सी म्हणतात. ‘एक्स’ म्हणजे दर पायरीला दहापट पातळ, ‘सी’ म्हणजे शंभरपट. ६एक्स म्हणजे १० लाखांत एक भाग. ३०सी म्हणजे शंभरपट पातळ करणं, तीस वेळा. एकावर ६० शून्यं. १२सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही बाटलीत उरण्याची शक्यता जवळजवळ नसते.

याचा व्यवहारातला अर्थ असा. ३०सी किंवा २००सीच्या गोळ्यांनी दुष्परिणाम होण्याचं कारण नाही, कारण त्यात साखरच आहे. मधुमेह असेल तर तेवढं लक्षात ठेवा. पण मदर टिंक्चर, म्हणजे पातळ न केलेला मूळ अर्क, आणि १एक्स, २एक्स, ३एक्स अशा खालच्या पोटेन्सीत खरा पदार्थ असतो, आणि यातले काही पदार्थ विषारी आहेत. कॉल्चिकमच्या झाडातूनच गाउटचं कॉल्चिसिन हे औषध मिळतं आणि त्याचा जास्त डोस जीव घेतो. तेव्हा ‘होमिओपॅथीनं अपाय होत नाही’ हे वाक्य आकडा वाचल्याशिवाय मान्य करू नका. थेंबांच्या औषधात अल्कोहोल असतं, ते वेगळंच.

सांध्यांसाठी जी नावं कानावर येतात, त्यांची निवड दुखण्याच्या स्वभावावरून होते. बसून उठताना आखडलेलं, चाललं की सुटणारं, दमट हवेत वाढणारं दुखणं असेल तर ऱ्हस टॉक्स. जरा हललं तरी कळ येणारं, दाबून धरलं की बरं वाटणारं असेल तर ब्रायोनिया. मुका मार, ठेचल्यासारखं वाटणं यासाठी अर्निका. स्नायुबंधांच्या ताणासाठी रूटा. पद्धत म्हणाल तर गोळ्या हातात न घेता झाकणात पाडून जिभेवर टाकायच्या, मागेपुढे १५-२० मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, बाटली कापरासारख्या उग्र वासापासून लांब ठेवायची. ही त्या शास्त्राची शिस्त. मी ती काटेकोर पाळली, म्हणजे नंतर ‘तुम्ही नीट घेतलं नाही’ असं कुणी म्हणायला नको.

मला ऱ्हस टॉक्स ३० मिळालं. होमिओपॅथ डॉक्टरांनी तासभर बसवून विचारपूस केली. झोप कशी, कोणत्या कुशीवर, जिना चढताना दुखतं की उतरताना, आणि "दिवसाचे किती तास पॅडल मारता?" आजवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी मनातल्या मनात मोजलं, सहा निघाले. आठ आठवड्यांत वहीतला आकडा सहावरून तीनवर आला. भेटेल त्याला मी ऱ्हस टॉक्स सांगत सुटले.

मग एका रात्री पानं मागे उलटली. दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी माझ्याच अक्षरात ओळ होती: ‘मशीनला मोटर बसवली.’ त्यांच्या त्या प्रश्नानंच मोटरचं डोक्यात आलं होतं. गोळ्या बंद केल्या, मोटर ठेवली, आणखी आठ आठवडे वही भरली. आकडा तीनच राहिला.

पुढे वाचनात आलं की ब्रिटनमध्ये आमवाताच्या ८३ रुग्णांवर असाच गुंता सोडवायचा प्रयत्न झाला होता. चालू औषधं तशीच ठेवून काहींना होमिओपॅथची सविस्तर भेट दिली, काहींना नाही. काहींना खऱ्या गोळ्या, काहींना कोऱ्या, म्हणजे औषध नसलेल्या. भेटीचा फायदा दिसला, गोळ्यांचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेनं २०१५ साली सगळे अभ्यास चाळून सांगितलं की कुठल्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. माझ्या वहीचं म्हणणं फारसं निराळं नाही. तरी त्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात किंतु नाही. मोटर त्यांच्यामुळे आली.

तुम्हाला घ्यायच्याच असतील तर तीन बंधनं घालून घ्या. चालू औषध कमी करायचं नाही. ‘आधी दुखणं वाढेल, मग उतरेल’ असं सांगितलं तरी वाढलेली सूज तीन दिवसांपेक्षा जास्त सोसायची नाही. आणि आठ आठवड्यांत टेप आणि खुर्ची हलली नाही तर पोटेन्सी वाढवत बसायचं नाही.

वरून लावायचं

पर्यायी उपायांत मला सगळ्यात जास्त उपयोग इथे झाला. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम घ्या. ०.०२५ टक्क्यांचं मिळतं, दिवसातून तीन-चार वेळा लावायचं, आणि नेमानं. दुखण्याचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना ते हळूहळू बोथट करतं, त्यामुळे खरा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला भगभग होते, ती पुढे कमी होते. लोक तिसऱ्या दिवशी ‘नुसतीच आग’ म्हणून टाकून देतात. मलम लावून वर शेक घेऊ नका, लावलेला भाग गरम पाण्याखाली धरू नका, आणि हात साबणानं धुवा. मी धुतले होते, एकदाच, घाईत. मग सुईत दोरा ओवायला घेतला आणि सवयीप्रमाणे दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं. पुढची २० मिनिटं मी तोंडात गार पाणी धरून बसले होते, समोर अर्धवट टाचलेली बाही. तेव्हापासून हातमोजा घालून लावते.

अर्निकाच्या जेलची गंमत अशी की एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तू मिळतात. होमिओपॅथिक अर्निका मलमात अर्क अतिशय पातळ केलेला असू शकतो. वनौषधी जेलमध्ये फुलांचा खरा अर्क भरपूर असतो. २००७ साली छापलेल्या चाचणीत बोटांच्या झिजेच्या २०४ रुग्णांना तीन आठवडे अशा वनौषधी जेलची आणि आयबुप्रोफेन जेलची तुलना करून पाहिली, तर दोन्हींचा गुण सारखाच आला. म्हणून लेबलवर ‘सी’ किंवा ‘एक्स’ आहे की अर्काचं प्रमाण, ते वाचून घ्या. जखमेवर लावू नका, झेंडू-शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल तर अजिबात नको, आणि हा खरा अर्क पोटात कधीच घेऊ नका.

शेक आणि बर्फ यांचा घोळ बहुतेक घरांत असतो. आखडलेल्या, गार सांध्याला शेक. सुजलेल्या, हाताला गरम लागणाऱ्या सांध्याला बर्फ, तोही कापडात गुंडाळून. दोन्ही १५ ते २० मिनिटं, त्याहून जास्त नाही. मधुमेहानं पायाची जाणीव कमी झाली असेल तर भाजलेलं कळत नाही, तिथे शेक जपून.

पोटात घ्यायचं

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असतं आणि तेही आतड्यातून नीट शोषलं जात नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये अर्क भरतात आणि मिरीतलं पायपेरिन घालतात. १९९८च्या एका प्रयोगात पायपेरिननं कर्क्युमिनचं शोषण २० पट वाढलं होतं. गुडघ्याच्या झिजेत कर्क्युमिननं दुखणं थोडं उतरतं असं लहान चाचण्यांत दिसलंय. पण शोषण वाढलं की औषधाचे गुण वाढतात तसे अवगुणही वाढतात. अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, अन्नावरची वासना गेली तर ताबडतोब बंद. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

शल्लकी, म्हणजे सलई गुग्गुळ, मला हळदीपेक्षा बरी वाटते. चाचण्या लहान आहेत, पण कल एकाच दिशेला आहे. आठ-बारा आठवडे धीर धरावा लागतो, काहींचं पोट बिघडतं. माझा आकडा तीनवरून दोनवर आला आणि खुर्चीवरचे उठणे अकरा झाले. त्या काळात वहीत दुसरी संशयास्पद ओळ नाही. म्हणून ती ठेवलीय.

ग्लुकोसामाइन मी सोडलं. अमेरिकेतल्या २००६च्या मोठ्या चाचणीत १,५८३ रुग्ण होते आणि कोरी गोळी घेणाऱ्यांपैकीच सुमारे ६० टक्क्यांना बरं वाटलं होतं. ग्लुकोसामाइन एकूण रुग्णांत त्याच्या पुढे ठळकपणे गेलं नाही. घेणार असाल तर ते बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढतात हे ध्यानात ठेवा, ॲलर्जीवाल्यांसाठी महत्त्वाचं आहे.

माशाच्या तेलाचा उपयोग झिजेपेक्षा आमवातात जास्त दिसलाय, पण मात्रा मोठी लागते: ओमेगा-३ची दोन आम्लं, ईपीए आणि डीएचए, मिळून रोज साधारण ३ ग्रॅम, तेही तीनेक महिने. एक-दोन कॅप्सूलनी ते भरत नाही. कॅप्सूलवर तेलाचं वजन मोठ्या अक्षरात असतं, या दोन आम्लांचं मागच्या बाजूला बारीक अक्षरात.

बिननावाची पुडी

माझ्या नणंदेला एकानं ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून पुड्या दिल्या. चौथ्या दिवशी वन्सं जिना धावत चढल्या. तीन महिन्यांत त्यांचा चेहरा वाटोळा झाला, ब्लाउजला मला दंडात दोनदा शिवण सोडावी लागली, आणि साखर कधी नव्हे ती वाढली. पुडीत स्टेरॉइड निघालं. त्यांनी घाबरून एका दिवसात बंद केलं आणि दुसऱ्या आठवड्यात चक्कर येऊन पडल्या. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीनं उतरवावं लागतं.

जुनी सांधेदुखी चार दिवसांत पळवणारी वनौषधी मला तरी माहीत नाही. लेबलवर घटकद्रव्यं नसतील, बनवणाऱ्याचा पत्ता नसेल, आणि गुण झपाट्यानं येत असेल, तर आनंद मानू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. धातूंची भस्मं घातलेल्या काही औषधांत शिसं आणि पारा सापडलेले आहेत, तेव्हा तिथेही बनवणाऱ्याचं नाव आणि तपासणी पाहिल्याशिवाय नको.

बाटलीबाहेरचं

थोडक्यात सांगते, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा, पाच सेकंद धरायचा, दहा वेळा. वजन एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. काठी दुखऱ्या बाजूला नव्हे, उलट्या हातात धरायची. ताई-ची या संथ चिनी व्यायामाची २०१६ साली नेहमीच्या फिजिओथेरपीशी तुलना झाली, गुडघ्याच्या झिजेत दोन्ही बरोबरीला उतरले. ॲक्युपंक्चरनं काहींना आराम पडतो, पण खोट्या सुयांनीही जवळपास तेवढाच पडतो. करायचंच असेल तर सुया एकदाच वापरून टाकायच्या हव्यात.

डॉक्टरांकडे जाताना तुम्ही घेता त्या सगळ्याची यादी न्या, साखरेच्या गोळ्यांसकट. मी लाजून शल्लकी लपवली होती. दात काढायच्या आधी डेंटिस्टनी खोदून विचारलं तेव्हा सांगितली. हळद, माशाचं तेल यांनी रक्त गोठायला वेळ लागू शकतो, म्हणून शस्त्रक्रिया ठरली की किती दिवस आधी काय बंद करायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

गुडघा सध्या उजवा ४०.२, डावा ३९.४. अंगठ्यासाठी वनौषधी अर्निका जेलचा तिसरा आठवडा चालू आहे. टेप तिथे चालत नाही, म्हणून जाड कापडाचे किती थर कातरीच्या एका दाबात कापले जातात ते माप धरलंय. पहिल्या दिवशी दोन, काल तीन. अजून तीन आठवडे आहेत, तोवर कुणाला काही सांगणार नाही.